आठातले पाच खळगे

मेसेज साधाच होता. 'मॅडम, आज उशीर होईल. आईला चक्कर आलेली. आता बरी आहे.' मंगळवारचे साडेदहा वाजले होते आणि वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत वासंती नुकतीच येऊन डब्याची पिशवी खुंटीला लावत होती. अशा मेसेजला 'काळजी घे' एवढं लिहून मोकळं व्हायचं असतं. वासंतीनं ते लिहिलंही होतं. पण पाठवायच्या आधी काय मनात आलं कोण जाणे, तिनं सरळ फोन लावला. शिवानी तिची विद्यार्थिनी, पीएच.डी.चं चौथं वर्ष संपत आलेलं, आणि चार वर्षांत या मुलीनं एकदाही उशीर होईल असं कळवलं नव्हतं.

"काय झालं गं आईला?"

"काही नाही मॅडम, उपास. मंगळवार करते ना ती. एकदम कडक, पाणी पण नाही. त्यात सकाळी सवयीनं शुगरची गोळी घेतलेली. मोरीत पडली."

"मधुमेह असताना असला उपास?"

"सांगून दमले मी. नवस आहे म्हणते, टिटवाळ्याच्या गणपतीला बोललीये."

"कसला नवस?"

"माझ्या कामासाठी धरलाय, मॅडम. एकेचाळीसच्या. दोन वर्षं झाली. जाऊ दे ना, मी येते दुपारपर्यंत."

"तू येऊ नकोस," वासंती म्हणाली. "मीच येते तुझ्याकडे." आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्याउभ्याच डब्याची पिशवी खुंटीवरून पुन्हा हातात घेतली आहे.

एकेचाळीस म्हणजे एक रेणू. खरं तर रेणूंच्या यादीतला एकेचाळिसावा. पण प्रयोगशाळेत सगळे त्याला घरातल्या माणसासारखं नुसतं एकेचाळीस म्हणत. पाहुणे आले की वासंती त्यांना हे काम फार छान समजावून सांगायची, त्यात तिचा हातखंडा होता. जंतूच्या पोटात प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम म्हणतात त्यांना, असं ती सुरू करायची. ती यंत्रं सुटे भाग जोडून उभी राहतात, आपल्या टिटवाळ्याच्या नव्या इमारतींसारखी. आणि इमारत उभी राहिली तरी कुणीतरी येऊन सगळं बघून शिक्का मारल्याशिवाय तिथं राहायला जाता येत नाही ना? तसं शिक्का मारणारं एक प्रथिन असतं. त्याला एक खिसा असतो, त्या खिशात जीटीपी नावाचा छोटा रेणू बसतो. त्याचा तुकडा पडला की शिक्का बसला, यंत्र चालू. आम्ही त्या खिशात दुसरंच काहीतरी कोंबायला बघतोय. शिक्का नाही, यंत्र नाही, जंतू जागच्या जागी थंड. पाहुणे हसायचे, माना डोलवायचे. त्या खिशात जीटीपी इतका घट्ट बसतो की जगभरच्या शहाण्या लोकांनी तिकडे फिरकणं सोडून दिलंय, हे ती शेवटी सांगायची, आणि मग जरा थांबून एकेचाळीसचं नाव घ्यायची. त्या थांबण्याचा तिला आता, जिना उतरताना, एवढा तिटकारा आला की तिनं कठड्याला धरलं.

टॅक्सी मागवली असती तर ती तासाभरात शहाडला, शिवानीच्या घरी पोचली असती. एसटीला जास्त वेळ लागतो म्हणूनच ती रिक्षानं खोपटच्या डेपोवर आली. हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं नाही. गुरुदत्तला, म्हणजे नवऱ्याला, फोन करून मात्र सांगितलं, की टॅक्सी मिळत नाहीये. तेहतीस वर्षांच्या संसारात असला बारीकसारीक खोटेपणा कुणी मोजत नाही. डेपोच्या बाहेर तिनं राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट घेतलं, मग आठवलं की ती बाई पाणीसुद्धा पीत नाही. तरी घेतलंच. रिकाम्या हातानं कसं जायचं. शहाडवरून जाणारी मुरबाडची गाडी लागायला वेळ होता. पलीकडे गाड्या धुण्याच्या जागी एकजण बादलीतलं पाणी एका बसच्या चाकांवर फेकत होता, आणि तिच्या पायांपुढे डिझेलची साय धरलेलं एक डबकं होतं, निळं, जांभळं, पिवळं. बादलीतल्या साबणाचा एक थेंब उडून त्या डबक्यात पडला. रंग झटकन बाजूला पळाले. मधे स्वच्छ पाण्याचा एक गोल उरला आणि त्यात बसचा टप दिसायला लागला. वासंती दोन पावलं मागे सरली, जणू तो थेंब तिच्याच अंगावर उडाला होता.

कारण तो शनिवारही असाच होता, एका थेंबाचा. चार वर्षांपूर्वीचा. सोमवारी प्रकल्पाची मुदत वाढवायची की नाही हे ठरवायला समिती येणार होती आणि एकेचाळीसची एकच चाचणी बाकी होती. रेणू कधीकधी फसवतात, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पाण्यात ते एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, आणि त्या गोळ्यांना प्रथिन नुसतंच चिकटून बसतं. प्रथिन बंद पडलंय असं दिसतं; पण रेणू खिशात गेलेलाच नसतो. म्हणून साबणासारखा एक द्रव त्यात थेंबभर टाकून बघायचा. गोळे विरघळतात. त्यानंतरही प्रथिन बंदच राहिलं तर तुमचा रेणू खरा. शनिवारी कुणी नव्हतं. वासंतीनं स्वतः प्लेट लावली, आठ खळग्यांची एक ओळ. तो द्रव मधासारखा दाट असतो, पिपेटच्या टोकातून ओढताना बोटाला त्याचा जडपणा लागतो. मग रंग घातला. पिवळा राहिला तर आपण जिंकलो, हिरवा झाला तर प्रथिन आपलं काम सुखानं करतंय. ती खुर्चीवर बसून राहिली. एसीचा आवाज येत होता. पहिला खळगा हिरवा झाला, मग दुसरा, तिसरा, आणि असे पाच. शेवटचे तीन पिवळेच राहिले.

दाट द्रव शेवटच्या तीन खळग्यांत पुरेसा उतरलाच नसणार, हे तिला तिथल्या तिथे कळलं होतं. पुढे कधीतरी कळलं, नंतर विचार केल्यावर कळलं, असं नाही. त्याच क्षणी. एवढ्या वर्षांच्या हाताला ते कळतंच. तरी ती बराच वेळ त्या तीन पिवळ्या ठिपक्यांकडे बघत बसली. मग बाटलीवरची तारीख बघितली आणि ती जुनी निघाली याचा तिला केवढा आनंद झाला! बाटली जुनी, म्हणजे पाच खळग्यांचाच भरवसा नाही. सोमवार होऊ दे, नवी बाटली मागवू, पुन्हा करू. प्लेट तिनं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि वहीत काही लिहिलं नाही. सोमवारी समितीपुढे तिनं तीन खळग्यांचाच निकाल दाखवला. मुदत मिळाली. नवी बाटली आली. पुढे शोधनिबंध लिहिताना एक वाक्य लिहायची वेळ आली, 'डिटर्जंट असतानाही परिणाम कायम राहतो', तेव्हा ते तिच्या बोटांतून इतकं सहज उतरलं की स्वल्पविरामालाही ती अडली नाही. नवी बाटली फ्रिजच्या दारात तशीच राहिली, सील न फोडलेली.

गाडी लागली. ती खिडकीशी बसली. मग माजिवडा, बायपास, गोदामं, पुन्हा गोदामं. मांडीवर राजगिऱ्याचे लाडू. तिला बापूंची आठवण झाली, म्हणजे वडिलांची. डोंबिवलीत गणिताचे मास्तर होते. नववीत तिला बीजगणितात पाच मार्क जास्त पडले होते, बेरीज चुकून. बापूंनी पेपर तपासून पाहिला, तिला भर उन्हात शाळेत परत पाठवलं आणि पाच मार्क कमी करून आणायला लावले. मार्क कमी झाल्यामुळे तिचा नंबर दुसऱ्यावर गेला. रडून रडून डोळे सुजले. पण पुढे ती गोष्ट तिला फार आवडायला लागली. दर वर्षी नवीन विद्यार्थी आले की पहिल्या दिवशी वासंती त्यांना ही गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी शिवानीनंही ऐकली होती, समोरच्या बाकावर बसून, वहीत लिहून घेतली होती! काय लिहिलं असेल त्या मुलीनं? 'मॅडमचे वडील, पाच मार्क'? पाच मार्क परत करणारी मुलगी आणि पाच खळगे फेकून देणारी बाई यांची आपल्याच पोटात गाठ कशी पडली नाही चार वर्षांत, याचं वासंतीला आता नवल वाटलं. नवल कसलं, लाज वाटली. लाज वाटून तिनं उगाचच लाडवांच्या पाकिटाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

आणि शिवानीची चार वर्षं! त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तिनं एकेचाळीसची त्रेसष्ट भावंडं बनवली. एक हात इकडे लांब करायचा, एक शेपूट तिकडे तोडायची. कधी दोन-दोन आठवडे एका रेणूमागे. मग प्रथिनाचे स्फटिक धरायचे, त्यांतून किरण पाठवायचे, आणि खिशात एकेचाळीस बसलाय का ते बघायचं. अकरा वेळा स्फटिक आले. अकरा वेळा खिशात जीटीपीच होता, जसा घरमालक घरात असतो. दर वेळी शिवानी फोटो घेऊन यायची आणि म्हणायची, "परत नाही बसला, मॅडम." आणि दर वेळी वासंती म्हणायची, "बसेल." हे 'बसेल' म्हणताना तिला खरंच वाटायचं का? वाटायचं. इथंच तर खरी मेख होती. आपण केलेलं खोटं इतकं जुनं झालं होतं की तिलाही ते आता खरं वाटायचं, आणि बाराव्या वेळी बसेल अशी आशाही वाटायची. आज कळलं की शहाडमध्ये एक बाई दर मंगळवारी घशाला कोरड पाडून त्याच आशेची राखण करते आहे. दोन वर्षांचे मंगळवार म्हणजे शंभराच्या वर. नसलेल्या एका गोष्टीसाठी शंभर दिवस उपाशी. आणि ती गोष्ट नाही, हे जगात ठाऊक असलेलं एकमेव माणूस मंगळवारी डब्यात कोबीची भाजी नेऊन पोटभर जेवत होतं.

दुर्गाडीच्या पुलावर गाडी अडकली. तिला आणखी एक आठवलं. साधारण दोन वर्षांपूर्वी शिवानी दारात येऊन उभी राहिली होती. "मॅडम, त्या पेपरमध्ये डिटर्जंट नक्की किती घेतलेलं तुम्ही?" वासंती पडद्यावर काहीतरी वाचत होती. तिनं आकडा सांगितला, मान वर न करता. त्यानंतर ती आणखी एक वाक्य बोलली होती, विषय मिटवणारं, मोठी माणसं बोलतात तसं. काय ते मात्र आठवेना. गाडी हलली. कल्याण गेलं, शहाडचा उड्डाणपूल आला.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, लख्ख. शिवानीनं दार उघडलं. आज केस बांधलेले नव्हते म्हणून ती फारच लहान दिसत होती. "मॅडम, कशाला आलात एवढ्या लांब?" ती म्हणाली. आत विमलाबाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या, कपाळावर उजवीकडे सूज. वासंतीला बघून त्यांनी उठायची धडपड केली.

"बसा, बसा. उठू नका."

"तुमी आल्या आन मी अशी पडलेली. शिवे, मॅडमना पाणी दे, च्या टाक. हिचे बाबा पयल्या पाळीला गेलेत, नायतर तेबी भेटले असते."

"तुम्ही आधी काहीतरी खा," वासंती म्हणाली. लाडवांचं पाकीट तिच्या हातातच होतं. "शुगर उतरली तर जिवावर बेतेल हो. हा उपास सोडा तुम्ही."

"सोडीन की. नवस पुरा झाला की सोडीन." विमलाबाई हसल्या. "देवाला बोललेलं मधीच कसं मोडायचं? तुमीच सांगा."

बोलायला हीच जागा होती. पुढे आणखी जागा येतील, चहा येईल, चहानंतर निघायची वेळ येईल, आणि मग जिन्यात, मग उद्या, मग नवी बाटली. वासंतीला हे सगळं आयुष्य ओळखीचं होतं. तिनं पाकीट कॉटवर ठेवलं.

"तो नवस पुरा होणार नाही," ती म्हणाली. "एकेचाळीस त्या खिशात कधीच बसणार नाही. मला ते चार वर्षांपासून माहीत आहे. शिवानी, इकडे ये. ते साबणाच्या चाचणीचं पेपरमधलं वाक्य खोटं आहे. मी आठ खळगे लावले होते. पाच हिरवे झाले. मी ते टाकून दिले आणि तीन दाखवले. वहीत लिहिलं नाही. पुन्हा केलं नाही. तुला सांगितलं नाही."

शिवानी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पाण्याचा ग्लास होता. आत गॅसवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला, तरी ती वळली नाही. विमलाबाई एकदा लेकीकडे आणि एकदा वासंतीकडे बघत राहिल्या. त्यांना किती समजलं होतं कुणास ठाऊक.

"तीन वेळा केली मी ती टेस्ट," शिवानी अखेर म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दोन वर्षांपूर्वी. तीन प्लेट. सगळे आठच्या आठ हिरवे. तिन्ही वेळा. मी विचारायला आलेले तुम्हाला."

"हो. आलीस तू."

"तुम्ही काय म्हणालात आठवतं?"

वासंतीनं मान हलवली. नाही.

"हात बसला नाही अजून तुझा, असं म्हणालात."

आणि मग ते वाक्य तिला ऐकू आलं, तिच्याच आवाजात, जसं म्हटलं होतं तसं, मायेनं. हो, मायेनंच म्हटलं होतं! याहून वाईट काय असेल?

"त्याच दिवशी घरी आली ती रडतच," विमलाबाई म्हणाल्या. त्या आता उशीवरून पुढे सरकल्या होत्या. "जेवेना. आये, माझ्या हातालाच यश नाय, म्हणं. मॅडमनी केलेलं माझ्या हातून होत नाय. शिक्षण सोडते म्हणाली. मला काय तुमचं ते खिसा-बिसा कळत नाय. मी गणपतीला म्हणले, हिच्या हाताला यश दे बाबा. हिचा हात बरोबर पडू दे. तवापासून मंगळवार धरला." त्या थांबल्या. वासंतीला त्यांच्या कपाळावरची सूज स्पष्ट दिसत होती, तिच्यावरची हळदही. "मंजे मॅडम, मला एक सांगा. तवा हिनं जे केलं, त्ये बरोबर व्हतं?"

"बरोबर होतं."

"तिन्ही येळा?"

"तिन्ही वेळा. तिचेच हात बरोबर होते."

विमलाबाईंनी हात जोडून कपाळाला लावले, सूज दुखली असावी, तोंड वाकडं झालं, तरी लावले. मग त्या म्हणाल्या, "शिवे, भात लाव. फिटला माझा नवस."

शिवानी आत गेली. कुकरचं झाकण, तांदळाचा डबा, नळ, असे एकेक आवाज येत राहिले. वासंती उठून दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. पुढे जायचा आपल्याला हक्क उरलाय की नाही ते तिला समजेना. ती म्हणाली की आज संध्याकाळीच ती नियतकालिकाला पत्र लिहिणार आहे, निबंध मागे घेणार आहे, संस्थेला सगळं कळवणार आहे. जे व्हायचं ते तिचं होईल. "पण तुझा प्रबंध उभा राहील, शिवानी. एकेचाळीस का चालत नाही, तो कसा फसवतो, हेच तू दाखवलं आहेस. त्रेसष्ट रेणूंनिशी. फक्त त्या तीन प्लेट पुन्हा कराव्या लागतील, तू टाकल्या असशील ना—"

"टाकल्या नाहीत," शिवानी पाठमोरीच म्हणाली. "म्हणजे फोटो आहेत. वहीत चिकटवलेत, तारखेसकट. मला वाटलं माझं चुकलंय. तरी चिकटवले. चुकलेलं पण लिहायचं असतं ना?" थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ते पाच मार्कांचं खरं होतं का?"

"खरं होतं."

"बरं," शिवानी म्हणाली.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आमटी सकाळचीच होती, उतू गेला होता तो चहा. आधण पुन्हा टाकलं नव्हतं कुणी. विमलाबाईंनी वासंतीला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं आणि 'तुमीबी घ्या दोन घास, उपास सोडताना एकटीनं नाय जेवायचं' म्हणाल्या. शिवानीनं दोन ताटं आणली. आईचं आधी ठेवलं, मग वासंतीचं. भाताच्या मुदीवर तिनं वाटीतून आमटी ओतली, काठोकाठ भरलेल्या वाटीतून, आणि एक थेंब बाहेर पडला नाही. या हातांना दोन वर्षं खोटं पाडलं होतं. वासंतीला तिच्याकडे वर बघवेना.

विमलाबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "येत्या मंगळवारी टिटवाळ्याला जायचं नारळ द्यायला," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुमीबी चला. तुमी आलात, सांगितलंत, म्हणून कळलं. नायतर मी मेले असते तरी कळलं नसतं."

"आई," शिवानी म्हणाली. ती रागावली नव्हती. ताटं ठेवून ती दाराशी उभी होती, ओले हात ओढणीला पुसत. "त्यांना नको बोलावू."

विमलाबाईंचा घास हातातच राहिला. वासंतीनं मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली. भात गरम होता. तिनं सगळं ताट संपवलं.